वाळूवरचं गाऱ्हाणं

"हसा नको. आधी 'व्हय म्हाराजा' म्हणा. मगे काय तां बघा."

रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसांचं आमच्या किनाऱ्यावर असं स्वागत व्हायचं. समोर समुद्र, मागे माड, आणि मध्ये ताणलेल्या दोरीपाशी हा उभा. कमरेला पंचा, अंगात बटणं तुटलेला शर्ट, कपाळाला कायमची आठी. हातातली काठी तो एकदा वाळूत रुतवायचा आणि आलेल्या पाहुण्यांकडे असं बघायचा, जसं काही त्यांनीच त्याची म्हैस सोडून नेली आहे. तुमच्यापैकी कुणी गेल्या काही वर्षांत मालवणच्या बाजूला कासवाची पिल्लं बघायला आला असाल, तर कदाचित तुम्हालाही तो ओरडला असेल. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. मला तो रोज ओरडायचा.

वयाने मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो. इथे 'तो' म्हणतो. तसं म्हणायची माझी फार दिवसांची इच्छा होती.

मला हा माणूस आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. माणूस गेला की लोक त्याच्यात गुण शोधायला लागतात. मी शोधणार नाही. तारकर्लीला खोली मिळाली नाही की पर्यटक आमच्या गावात येतात. किनाऱ्याला लागून माझ्या राहायच्या खोल्या आहेत, आणि कुंपणाला लागून त्याचं घर. गिऱ्हाईक माझ्या फाटकातून बाहेर पडलं की पहिली गाठ याच्याशी. पैसे मोजून शिव्या खायला मिळणारं दुसरं ठिकाण या पट्ट्यात नसेल.

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं. देवळात गाव जमतो. ज्याच्या घराण्याचा मान, तो देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्या आवाजात मागणं मागतो, आणि दर वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मागितलेलं देवाने द्यायचं आणि ज्याला होय म्हटलं ते माणसांनी पाळायचं, असा तो व्यवहार. आमच्या गावात हा मान त्याच्या घराचा होता. आवाजही तसा होता. देवळात बोलायला लागला की खाडीपलीकडे कुत्री उठून बसायची.

पण पालखी आधी कुणाच्या दारी न्यायची यावरून त्याने चुलतभावाशी भांडण काढलं. चूक कुणाची होती ते विचारू नका, दोघांचीही होती. हा भर देवळात म्हणाला, "तुमचां देऊळ तुमका लखलाभ," आणि हातातला नारळ पायरीवर आपटून बाहेर पडला. गावाने थोडे दिवस वाट पाहिली आणि मान चुलतभावाकडे दिला. म्हणजे आता याच्याकडे आवाज उरला होता आणि देऊळ नव्हतं.

त्याच हंगामात वनखात्याची माणसं गावात आली. कासवी आमच्या वाळूत अंडी घालून जातात, त्या घरट्यांची राखण करायला कुणीतरी हवं होतं. कुणी पुढे येईना. हा पुढे आला. कासवांवर प्रेम होतं म्हणून नव्हे. देवळाच्या बाजूला फिरकावं लागू नये, एवढंच कारण. पुढे वर्तमानपत्रांत 'निसर्गाची ओढ' वगैरे छापून आलं तेव्हा मला हसू आवरेना. पर्यटकांना तो स्वतःच सांगायचा, "अंडी मी पण खाल्लंय ल्हानपणी. सगळ्यांनी खाल्ली. काय चव नाय तेंका." ऐकणाऱ्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. त्याला त्याचं काही नव्हतं.

वनखात्याने किनाऱ्यावर माहितीचे फलक लावले. रंगीत, कासवाच्या चित्रासकट. एका कुटुंबाने पहिल्याच रविवारी त्यांच्यावर ओले टॉवेल वाळत घातले. तो दोरीपाशी उभा राहून ते बघत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिल्लं सोडायच्या वेळी गर्दी जमली, पोरं दोरीखालून घुसायला लागली, आणि याने काठी रुतवून डोळे मिटले.

"बा दर्या म्हाराजा! ही पुण्या-मुंबईची लेकरां आज तुझ्या दारात इली हत."

गर्दीत कुणीतरी हसलं. त्याने डोळे उघडले. "हसा नको. व्हय म्हाराजा म्हणा."

"व्हय महाराजा," दोन-चार जण दबकत म्हणाले.

"ह्येंच्या हातात बाटल्यो आसत, खिशात वेफरांची पाकिटां आसत. ती जशी इली, तशी ह्येंच्याच घराक जांवदेत."

"व्हय महाराजा!"

"पिल्लांक हात लावची बुद्धी कोणाक झाली, तर ती हयच जिरवन टाक."

"व्हय महाराजा!"

"आणि ज्येच्या कोणाच्या मोबायलाची बत्ती पेटली, तेचो मोबायल—"

इथे तो थांबायचा. पुढचं कधीच बोलायचा नाही. समुद्राकडे बघत नुसता उभा राहायचा, आणि माणसं आपापले खिसे चाचपायची.

मी मनात म्हटलं, झालं, आता उद्यापासून आपल्याकडे कुत्रंही येणार नाही. तसं झालं नाही. लोकांना गंमत वाटली. पण गंमत म्हणून का होईना, चार माणसांत मोठ्याने होय म्हटलं की माणूस अडकतो. गाडीत बसलेला एक जाडजूड गृहस्थ परत उतरून वाळूत आला, आपलंच टाकलेलं वेफरचं पाकीट शोधून खिशात घातलं आणि माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसला. "होय म्हणून बसलो ना," म्हणाला. फलक वाचून असं करणारा मी एकही पाहिला नाही.

हे चांगलंच झालं, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या अंगणात दिवा नव्हता म्हणून म्हणाल. माझ्या अंगणात समुद्राकडे तोंड केलेला मोठा हॅलोजन होता. पिल्लं उजेडाकडे धावतात, समुद्र सोडून अंगणात येतात, हे त्याने मला दोन-तीनदा सांगितलं. मी म्हटलं, बघू. एके संध्याकाळी मी खुर्च्या पुसत होतो आणि दोरीकडून आवाज आला, "आणि ह्या पलीकडच्या खोल्येवाल्याक बुद्धी दी रे म्हाराजा. तेचो दिवो दर्यार नको, तेच्याच तोंडार पडांदे!" आणि माझीच गिऱ्हाइकं, माझ्या घरचे घावणे खाऊन गेलेली, घसा फोडून म्हणाली, "व्हय महाराजा!" वर परत आल्यावर त्यांनीच बटण बंद केलं आणि अंधारात जेवायला बसली.

मी त्याच्या दारात गेलो. "तुमी माझ्या गिऱ्हाइकांसमोर माझी लाज काढलास."

"होती खंय?" तो म्हणाला आणि जाळं विणत बसला.

माझी बायको मात्र त्याच्या बाजूची. बांगड्याचं तिखलं केलं की एक वाटी कुंपणावरून पलीकडे. तो चाखून म्हणायचा, "मीठ जास्त झाला." वाटी परत यायची ती घासून-पुसून, आत मूठभर आमसुलं. मी म्हणायचो, विषारी नाहीत ना बघ. बायको म्हणायची, तुम्ही दोघं एका आईची व्हायला हवी होती.

एकदा मालवणला आम्हा दोघांना प्रशिक्षण होतं. पर्यटकांशी कसं बोलावं. शिकवायला आलेल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, 'हे करू नका' असं म्हणू नये, हसून 'चला, आपण असं करू या' म्हणावं. याने हात वर केला. "बाई, माका हसूक येणा नाय. चलात?" बाई हसल्या आणि चालेल म्हणाल्या. परतीच्या वाटेवर एसटीत तो मला म्हणाला, "बाई बरी होती. उगाच तुझ्यासारखो माणूस थंय जावन झोपलो." मी झोपलो नव्हतो, डोळे मिटले होते.

मग चुलतभावाने गाड्या आणल्या. वाळूवर चालणाऱ्या, जाड चाकांच्या चारचाकी मोटारसायकली. गावातल्या रिकाम्या मुलांना काम मिळालं, हे खरं. आवाजाने माझ्या भिंती हलायच्या, हेही खरं. आणि त्या नेमक्या त्याच पट्ट्यात फिरायच्या जिथे घरटी होती. घरट्यांभोवतीच्या बांबूच्या रिंगणाला वळसा घालून जायच्या, पण मागे वाळूत खोल चाकोऱ्या उरायच्या. पिल्लू तुमच्या मुठीत मावेल एवढं. ते चाकोरीत पडलं की त्याला वर चढता येत नाही; ते चाकोरीतूनच चालत राहतं, समुद्र बाजूला राहतो, आणि वर कावळे असतात. तेवढा पट्टा हंगाम संपेपर्यंत मोकळा ठेवा, एवढीच याची मागणी होती. चुलतभाऊ म्हणाला, देवळात भांडलास तेव्हा कळत नव्हतं काय.

वनखात्याचा माणूस आला. त्याने माझ्यादेखत सांगितलं, "किनाऱ्यावर अशा गाड्या फिरवायला परवानगीच नाही. तुम्ही एक अर्ज द्या, गाड्या बंद होतील." झालं होतं की काम! नुसती सही करायची होती.

"नाय," तो म्हणाला. "भावबंदाची कागाळी सरकाराक सांगूचंय नाय. गावचां गावात. मी देवीक इचारतंय."

मी डोक्याला हात लावला. "अहो, जिंकलात ना तुम्ही! आता देवीला कशाला मध्ये घालताय?"

"देवी मधी नाय. तू मधी आसस. बाजूक हो."

अशी चूक फक्त आमच्याकडचा माणूस करू शकतो. कायद्यात हातात आलेली गोष्ट त्याने देवळात नेली. कौल लावायचं ठरलं. गुरव देवीच्या पाषाणावर उजवी-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण प्रश्न विचारायचा मान कुणाचा? चुलतभावाचा. कित्येक वर्षांनी हा देवळात आला आणि खांबाला टेकून उभा राहिला, गर्दीतल्या कुठल्याही माणसासारखा.

चुलतभावाने देवीपुढे हात जोडले. "आये, गावच्या पोरांका चार घास मिळतत. तां काम असाच चालू रवांदे काय?"

कासवाचं नाव नाही, वाळूचं नाव नाही. मी याच्याकडे बघितलं. ओरड, म्हटलं, जन्मभर ओरडलास, आता ओरड. तो गप्प. ज्याचा मान त्याने विचारायचं, हे त्याच्या हाडात होतं. उजवी पाकळी पडली. गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला, आणि त्यात याचाही आवाज मी ऐकला.

बाहेर आल्यावर मला इतका राग आला होता की मी त्याला मूर्ख म्हणालो. तोंडावर, तुम्ही-बिम्ही न म्हणता. तो चप्पल शोधत होता. म्हणाला, "व्हय म्हटलंय आता. काय करतलंस?"

त्या दिवसापासून गाड्यांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. दोरीपाशी उभा राहायचा, गाऱ्हाणं घालायचा. बाटल्या, पाकिटं, मोबाइल, माझा दिवा, सगळं त्यात असायचं. गाड्या नसायच्या. सकाळी उठून बघावं तर हा एकटा चाकोऱ्यांकडे बघत उभा. त्याचं तसं गप्प असणं मला ओरडण्यापेक्षा जड गेलं. त्याने घरी येऊन मला दोन शिव्या दिल्या तर बरं, असं वाटायला लागलं.

मग ती संध्याकाळ आली. पिल्लं वर आली होती, गर्दी मोठी होती, आणि रिंगण आणि समुद्र यांच्यामध्ये दिवसभराच्या चाकोऱ्या पडलेल्या. गाऱ्हाणं झालं. त्याने रिंगण उघडलं. पहिलं पिल्लू घाईघाईने निघालं आणि चाकोरीत पडलं. चढायचा प्रयत्न केला, उलटं झालं, सुलटं झालं आणि चाकोरीतून आडवं चालायला लागलं. दुसरं त्याच्या मागे. तिसरं.

"काका, ह्या कसल्या चाकोऱ्या?" साताऱ्याकडची एक बाई होती, माझ्याकडेच उतरलेली. "त्या गाड्यांच्या ना? त्यांचं काही म्हणाला नाहीत तुम्ही."

तो समुद्राकडे बघत राहिला. "तां माका बोलूचा नाय. कौल झालो हा."

तिला कौल वगैरे काही समजलं नसणार. पण म्हाताऱ्याचे ओठ थरथरताना तिने पाहिले, मीही पाहिले. ती म्हणाली, "आम्ही ही वाळू सारखी केली तर चालेल?"

त्याने काठीने दोरी वर उचलली आणि बाजूला झाला.

ती बाई गुडघ्यांवर बसली आणि तळहातांनी चाकोरी बुजवायला लागली. तिचा नवरा बसला. मग जी काही रांग बसली! चांगल्या कपड्यातली माणसं, म्हाताऱ्या, हातात चुडा भरलेली एक नवी नवरी, सगळी रांगत पुढे पुढे सरकत होती आणि वाळू सपाट करत होती, आणि पिल्लं त्यांच्या हातांच्या बाजूने समुद्राकडे जात होती. कुणी पिल्लाला बोट लावलं नाही. मीही बसलो. गुडघे दुखतात माझे, तरी बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एकही माणूस गाडीवर बसला नाही. त्यांनी हॉटेलात इतरांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. चुलतभाऊ तणतणत दोरीपाशी आला. "कौल मोडलंस तू!"

"मी काय बोललंय?" त्याने विचारलं. "सांग मेल्या, एक शब्द बोललंय तर सांग."

गिऱ्हाईक नाही म्हणून चुलतभावाने गाड्या जेटीच्या बाजूला नेल्या. त्याने जाताना माझ्याकडेही डोळे वटारून बघितलं, जसं काही देवी आणि साताऱ्याची बाई दोघींना मीच फितवलं होतं.

पुढच्या हंगामात, ऐन घरट्यांच्या दिवसांत, तो गेला. तापाचं निमित्त झालं. हॉस्पिटलात नेलं तेव्हा म्हणे डॉक्टरांशीही भांडला. मुलगा मुंबईहून आला, सकाळीच उचलायचं ठरलं.

आमची स्मशानभूमी खाडीच्या तोंडाशी आहे आणि तिथे जायची वाट वाळूतून. ओहोटी असती तर खालच्या ओल्या पट्टीने गेलो असतो. भरती होती. उरलेली कोरडी वाळू म्हणजे नेमका तो घरट्यांचा पट्टा, आणि मधल्या रिंगणातली वाळू खचली होती. म्हणजे पिल्लं आज-उद्या वर येणार. मुलगा मडकं घेऊन पुढे होता. तिरडीचा पुढचा दांडा चुलतभावाच्या खांद्यावर. मागे सगळा गाव. एवढे पाय त्या वाळूवरून गेले असते तर खाली काय उरलं असतं?

चुलतभाऊ थांबला. "खाली नको," म्हणाला. "वरसून चला."

"वर वाट खंय आसा? ह्येंचां कंपाउंड ना थंय!" मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कंपाउंडात माझी गिऱ्हाइकं न्याहारी करत होती. सकाळच्या वेळी पाहुण्यांच्या ताटांमधून प्रेत न्यायचं, हे आमच्याकडे कुणी करत नाही. धंदा बुडवायचा असेल तरच करावं. मी फाटक उघडलं. तिरडी त्यातून जाईना. मग चुलतभावाने खांदा दुसऱ्याला दिला, मी आणि त्याने मिळून फाटकाचा खांब हलवून हलवून उपटला, सिमेंटच्या गोळ्यासकट, आणि माडाच्या बुंध्याशी टाकला.

गिऱ्हाइकं उठून उभी राहिली होती. काहींनी टेबलं भिंतीकडे ओढली. एका बाईने हलक्या आवाजात विचारलं, "कोण होते?"

"शेजारी," मी म्हटलं. "जन्मभर भांडला माझ्याशी."

वाकून मी खांदा दिला. तिरडीला वजनच नव्हतं. एवढ्या आवाजाचा माणूस आणि इतका हलका. अंगणातून त्याला घेऊन जाताना मला रडू फुटलं, गिऱ्हाइकांच्या देखत, आणि त्याचाही मला त्याच्यावर राग आला.